वेटिंग लिस्टवरचा उन्हाळा

नंदनवनातल्या आमच्या शेजारच्या घरात सध्या कोणी धड जेवत नाही. त्यांची ऋतुजा कुठल्याशा नामवंत कॉलेजच्या प्रवेशाची वाट पाहते आहे, आणि तिच्यासोबत सगळं घर. मोबाइल ताटाशेजारी, मोबाइल उशाशी. परवा ती कुंपणापाशी येऊन विचारत होती, आजी, तुमच्या वेळी कसं कळायचं? मी म्हटलं, पोस्टमन आणायचा. ती हसली. पोस्टाने येणारी गोष्ट सावकाश येते, म्हणजे तिची धाकधूकही सावकाशच होत असेल, असं तिला वाटलं असावं.

जून लागला तरी नागपुरात कूलर बंद होत नाहीत. दुपारी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी झिरपायला लागलं की ओल्या गवताचा तो थंड, थोडासा कडवट वास घरभर फिरतो. एरवी मी त्या वासाने झोपते. ऋतुजा बोलून गेली त्या दुपारी मात्र झोप आली नाही. त्या वासात मला दुसराच एक वास मिसळलेला जाणवायला लागला, खळ लावलेल्या कोऱ्या कापडाचा. गांधीबागेतल्या एका कापडाच्या दुकानाचा वरचा मजला, ढिगाने रचलेली लुगडी आणि धोतरजोड्या, आणि त्यांच्या मधोमध फरशीवर बसलेल्या आम्ही दोघी.

दुकान विजयाच्या वडिलांचं. त्यांना सगळी गांधीबाग काकाजी म्हणायची, म्हणून मीही म्हणायची. विजया आणि मी बी.एस्सी.ला एका बाकावर होतो. सत्तरच्या दशकाची नुकती सुरुवात होती, फिजिक्सच्या वर्गात मुली मोजक्याच, त्यामुळे मैत्री व्हायला दुसरं काही कारण लागलं नाही. तसं पाहिलं तर आमच्या घरांमध्ये पुष्कळ अंतर होतं. आमची वस्ती जरीपटक्याच्या अलीकडे, रेल्वेरूळांच्या पलीकडे. माझे बाबा कापडगिरणीत मागावर काम करायचे. मी चार-पाच वर्षांची असताना आमच्या घराने दीक्षा घेतली होती. त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं, की मी बाबांच्या खांद्यावर होते आणि जिकडे पाहावं तिकडे पांढरे कपडे होते. त्या दिवसापासून बाबांनी एक गोष्ट धरून ठेवली होती. घरात काय कमी पडायचं ते पडो, पोरीचं शिकणं थांबणार नाही.

दिल्लीच्या एका विद्यापीठाच्या एम.एस्सी.साठी आम्ही दोघींनी अर्ज केला, तो प्रभाकरचं ऐकून. प्रभाकर आमच्या कॉलेजचा जुना विद्यार्थी. तो त्याच विद्यापीठात जाऊन पहिल्या सत्रातच परत आला होता आणि आता एका शाळेत शिकवत होता. दुसरा कोणी असता तर त्या जागेला नावं ठेवून मोकळा झाला असता. प्रभाकर तिच्याबद्दल असा बोलायचा, जसं कोणी चढून न झालेल्या डोंगराबद्दल बोलावं. तिथं दर आठवड्याला परीक्षा असते, म्हणायचा. प्राध्यापक शिकवत नाहीत, विचारतात. ज्याला उत्तर येत नाही त्याला दुसरा प्रश्न विचारतात, तो आणखी अवघड. आम्ही त्याच्यासमोर डोळे विस्फारून बसायचो. त्याला वाटायचं आम्ही घाबरलो. आम्ही घाबरलो नव्हतो. आम्हाला कधी एकदा तिथे जाऊन तो दुसरा प्रश्न ऐकतो असं झालं होतं.

प्रवेशपरीक्षा नागपुरातच झाली. त्यानंतर विद्यापीठाकडून एक छापील पत्रक आलं. इथे येण्याआधी विद्यार्थ्याला कायकाय यायलाच हवं, ते त्यात दिलं होतं. त्यातलं निम्मं आम्ही कधी शिकलोच नव्हतो. पत्रकाच्या शेवटी मोठ्या शिष्टपणे लिहिलं होतं, की पहिल्या तासापासून हे सारं तुम्हाला येतं असं धरूनच शिकवलं जाईल.

विजया म्हणाली, "येतं असं ते धरतात, तर आपणही धरू. चल, बसू."

आणि आम्ही बसलो. प्रवेश मिळेल की नाही याचा पत्ता नव्हता. लग्नाचं ठरायच्या आत कोणी मांडव घालावा, तसा प्रकार. प्रभाकरने त्याची पुस्तकं दिली. घरी माझ्याकडे जागा नव्हती आणि विजयाकडे पाहुणे संपत नव्हते, म्हणून दुकानाचा वरचा मजला. उन्हाळ्यात दुपारी गिऱ्हाईक फिरकत नसे. काकाजी खाली गादीवर आडवे व्हायचे आणि वर आम्ही. कागद पुरत नव्हता, कारण एकेक गणित पानंच्या पानं खायचं. मग विजयाने खालून कापडावर खुणा करायचे खडू आणले आणि आम्ही काळ्या फरशीवर लिहायला लागलो. एका भिंतीपासून सुरुवात करायची, गुडघ्यांवर सरकत सरकत पलीकडच्या भिंतीपर्यंत जायचं. तिथे उत्तर चुकलेलं निघालं की परत सरकत यायचं, कुठे चुकलं ते शोधत. एकदा काकाजी जांभई देत वर आले, लुगड्यांचा एक गठ्ठा उचलला, आणि आमच्या अख्ख्या इक्वेशनवरून चालत गेले. मागे वळून विचारलं, हे पुसायचं राहिलं आहे का गं? आम्ही हसून हसून लोळलो.

त्या दिवसांतलं शरीर मला अजून आठवतं. सायकलवरून गांधीबागेत यायचं तर डोक्याला ओढणी गुंडाळलेली, ऊन बाधू नये म्हणून खिशात कांदा. डांबर इतकं पातळ व्हायचं की चाकाला चिकटून चर्रर्र वाजायचं. पोचेपर्यंत तोंड तांबडंलाल. वर जिन्यात पाय ठेवला की वाळ्याचा वास यायचा आणि अंगावर काटा फुलायचा. तो थंडाव्याचा होता की त्या दिवशीच्या गणिताचा, हे मी आजही सांगू शकणार नाही. मॅट्रिक्स मला ज्या दुपारी पहिल्यांदा खरोखर समजली, त्या दुपारी मी उठून त्या कापडाच्या ढिगाऱ्यांमधून नुसतीच फेऱ्या मारत राहिले. विजयाने विचारलं, काय झालं वं तुले? मला सांगता येईना. आधी अंधाऱ्या खोलीत हात लावून लावून सामान ओळखत होते आणि कोणी तरी खिडकी उघडली, एवढंच.

इंग्रजीचं आम्ही रस्त्यात उरकायचो. संध्याकाळी विजया मला रुळांपर्यंत सोडायला सायकल घेऊन यायची, आणि तेवढ्या रस्त्यात मराठी बोलायचं नाही असा नियम होता. तेवढा वेळ आमचं बोलणं फारच सभ्य असायचं. टुडे इज व्हेरी हॉट. येस, यस्टर्डे ऑल्सो वॉज व्हेरी हॉट. दुकानदार माना वळवून पाहायचे. रूळ आले की आम्ही सुटकेचा श्वास टाकून मराठीत भांडायला सुरुवात करायचो.

पुढे आयुष्यात मला पुष्कळ गोष्टी मिळाल्या. पण मिळणार की नाही हे ठाऊक नसताना एखाद्या गोष्टीसाठी इतकं पूर्णपणे तयार होत जाणं, त्यातला जो थरार होता, तो मिळाल्यानंतरच्या आनंदातही मला कधी सापडला नाही. आम्हाला अजून कोणी बोलावलं नव्हतं आणि आम्ही मनाने केव्हाच जाऊन त्या वर्गात बसलो होतो. दिल्ली आम्ही पाहिली नव्हती, पण तिथल्या फळ्यासमोर कुठल्या बाकावर बसायचं यावरून आमचं एकदा कडाक्याचं भांडण झालं.

जूनच्या मध्यावर उत्तरं आली, दोघींना एकाच दिवशी. विजयाची निवड झाली होती. माझं नाव प्रतीक्षायादीत होतं, पहिलं.

माझं मी वाचलं आणि आधी मला आनंदच झाला. प्रतीक्षायादीत पहिली म्हणजे दारातच उभी की. विजया तासाभरात भर उन्हात सायकल मारत आमच्या घरी आली. मला वाटलं ती आनंदाने आली. ती आली, मायने दिलेलं पाणी प्याली, आणि खाटेवर बसून म्हणाली, की काकाजी नाही म्हणतात. लग्नाचं पाहायला सुरुवात केली आहे, एकटी पोरगी दिल्लीला पाठवणार नाही, विषय संपला. हे सगळं तिने अगदी सपाट आवाजात सांगितलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "माही जागा आता तुलेच भेटते. निदान तू तरी जाशील."

ती सायकल काढून गेली. ती म्हणाली ते खरं होतं. मी काही करायची गरजच नव्हती. गप्प राहिले की पुरे. मायचंही तेच म्हणणं पडलं. तू काही कोणाचं हिसकून नाही घेऊन राहिली, ती म्हणाली, तिचा बाप नाही म्हणते त्याले तू काय करशील? माय चुकीचं बोलत नव्हती. तिने पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर उभं राहणं पाहिलं होतं. दार उघडलंच आहे तर पोरीने आत जावं, एवढं साधं तिचं मागणं. पण मी डोळे मिटले की मला दिल्लीचा तो वर्ग दिसायचा, आणि त्यात माझ्या शेजारची जागा रिकामी दिसायची. दोन दिवस मी प्रयत्न केला. शेजारी विजया नसलेला तो वर्ग काही केल्या मला रंगवता येईना.

बाबा संध्याकाळी पाळीवरून आले तेव्हा मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. मागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं काम करून बाबांना कमी ऐकू यायचं. ते बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहून समजून घ्यायचे, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना इकडेतिकडे पाहायची सोय नव्हती. सगळं तोंडासमोर तोंड करून सांगावं लागायचं. मी सगळं सांगितलं. प्रभाकरने सांगितलेली गोष्टही सांगितली, की प्रवेशाच्या दिवशी जे निवडलेले येत नाहीत, त्यांच्या जागा तिथे हजर असलेल्या प्रतीक्षायादीतल्यांना तिथल्या तिथे देतात. बाबांनी ऐकलं. मग उठून धुतलेला सदरा घातला आणि म्हणाले, "चाल."

बाबांचं गांधीबागेत जाणं रस्त्यापुरतंच असे, कोणाच्या घरात ते कधी गेले नव्हते. काकाजींच्या घरी त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा पुढच्या खोलीत बसलो. काकूंनी पाणी आणलं. विजया दाराआड होती, तिची पावलं मला दिसत होती. बाबा काकाजींना शेटजी म्हणाले नाहीत, भाऊ म्हणाले. जरा माह्याकडं तोंड करून बोला भाऊ, मले कमी ऐकू येते, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं, आणि काकाजींना आपली खुर्ची वळवून घ्यावी लागली.

काकाजी मनाने वाईट नव्हते. बोलताना ते चिडले नाहीत, उलट त्यांचा आवाज थोडा अजिजीचा झाला होता. "पोरगी हुशार आहे, मले का समजत नाही? पण दिल्ली म्हणजे काय सीताबर्डी आहे का भाऊ? तिथं आपलं कोणी नाही. एकटी पोरगी मी कशी धाडू?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बोलायचं मीच होतं, तसं घरून निघतानाच ठरलं होतं. वाटेत मनाशी जुळवून आणलेलं सगळं मी विसरले आणि जे तोंडात आलं ते म्हणाले.

"काकाजी, विजया नाही गेली तर तिची जागा मले भेटते. पहिला नंबर माहाच आहे. पण मले ती अशी नको. तुम्ही तिले जाऊ द्या."

काकाजी माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना हे माहीत नव्हतं. विजयाने जागेचं त्यांना सांगितलंच नव्हतं.

"अन् तू काय करशील मग?"

"वाट पाहीन."

तेव्हा बाबा बोलले. "वाट पाहील, पण घरी बसून नाही. तिले मी दिल्लीले पाठवून राहिलो. कोणी नाही आलं तं तिथं उभी असलेल्याले घेतात म्हणते. तुम्ही पोरीले घेऊन जाल, तं हिलेही संगं न्या. दोघी राहतील तं एकटी कोणीच नाही."

मला दिल्लीला पाठवायचं बाबांनी ठरवलं आहे, हे मलाही तेव्हाच कळलं. काकाजी विचार करतो म्हणाले. आम्ही उठलो. रूळ ओलांडताना बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. का गेले? जायची सवय झाली होती म्हणून. विजयाही वर येऊन बसलेली होती. आम्ही पुस्तक उघडून अर्धवट राहिलेलं गणित पुढे चालवायला लागलो. काकाजी वर आले. आमच्या लिहिण्याला वळसा घालून ते पलीकडच्या मांडणीपाशी गेले आणि वरच्या फळीवरून लोकरीच्या कापडाचा एक तागा ओढून काढला. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. बाहेर अंगाची लाही होत होती, आणि हा माणूस स्टुलावर चढून हिवाळ्याचं कापड काढत होता.

"दिल्लीले थंडी कशी असते म्हणते गं तो प्रभाकर?" त्यांनी विचारलं.

विजयाने खडू खाली ठेवला. खूप असते, ती म्हणाली. काकाजींनी गज लावून कापड मोजलं, कापलं, घडी केली. मग परत मोजलं आणि तेवढंच आणखी कापलं. दुसरी घडी त्यांनी माझ्यापुढे धरली.

मी म्हटलं, काकाजी, माझं अजून नक्की नाही.

"थंडी तं नक्की आहे नं," ते म्हणाले, आणि कात्री घेऊन खाली निघून गेले.

त्यानंतरचे दिवस माझ्या आठवणीत एकात एक मिसळून गेले आहेत. मायने माझे ब्लाउज शिवले, शेवया आणि कुरडयांचे डबे बांधले आणि बांधताना म्हणत राहिली, परत आली तरी खाऊ, नाही आली तरी खाऊ. आम्ही पत्रकातले विषय एकामागून एक संपवत गेलो. फरशी पुसून पुसून तिचा रंग बदलला. आणि मग आम्ही तिघं स्टेशनवर, गाडीत, दगडी पुलांवरून खडखडत इटारसीकडे निघालेलो. काकाजींनी खिडकीची जागा आम्हाला दिली होती. काकूंचा डबा उघडून त्यांनी पहिली पुरी माझ्या हातावर ठेवली, दुसरी विजयाच्या, आणि आम्ही खात असताना अख्ख्या डब्यातल्या अनोळखी लोकांना ते सांगत सुटले, दोनों लड़कियाँ एम.एस्सी. करने जा रही हैं. दोनों, असं म्हणत होते ते. मी प्रत्येक वेळी खिडकीबाहेर पाहायची.

प्रवेशाच्या दिवशी विजयाचं काम सकाळीच झालं. तिला वसतिगृहाची खोली मिळाली, पण ती पाहायला गेली नाही. आम्ही तिघं कचेरीबाहेरच्या बाकावर बसून राहिलो. प्रतीक्षायादीतले आणखी काही जण होते. कानपूरचा एक मुलगा पुटपुटत सूत्रं म्हणत होता, त्रिवेंद्रमहून एक जण मामाला घेऊन आला होता. काकाजी मधून मधून उठून आत डोकावायचे आणि आमच्या नागपुरी हिंदीत कारकुनाला छळून यायचे. भैया, कोई गैरहाजिर है क्या? भैया, और कितना टाइम लगेंगा? आणि तरीही, खरं सांगते, मी दुःखी नव्हते. समोरच्या व्हरांड्यातून वह्या घेतलेले विद्यार्थी चालले होते. एका खोलीच्या उघड्या दारातून फळा दिसत होता, आणि त्यावर लिहिलेली ओळ मला इतक्या लांबून वाचता येत होती. वाचता येत होती आणि कळतही होती. मी विजयाला कोपराने ढोसलं. तिनेही वाचली. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसायला लागलो.

दुपार कलल्यावर कारकून बाहेर आला आणि त्याने कुठलंसं नाव पुकारलं. मिस कुंडा. कोणी उठलं नाही. त्याने पुन्हा पुकारलं. मी आजूबाजूला पाहिलं, ही कोण बिचारी कुंडा म्हणून. तेवढ्यात काकाजी बाकावरून ताडकन उभे राहिले, त्यांची टोपी खाली पडली.

"है, है, यहीं है. कुंदा है वो," ते म्हणाले.

आत टेबलापलीकडे एक वयस्कर प्राध्यापक बसले होते. त्यांनी कागद पाहिले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, की जागा मिळालेली नसताना इतक्या लांब का आलात? सायकलवरचं सगळं इंग्रजी माझ्या डोक्यातून उडून गेलं होतं. फक्त तीन-चार शब्द हाताशी राहिले.

"बिकॉज आय वॉज रेडी, सर."

ते थोडंसं हसले आणि त्यांनी सही केली. मग काकाजींना विचारलं, आप इनके कौन? काकाजी टोपी झटकत होते. ते म्हणाले, काका. त्यात ना त्यांना काही मोठं सांगितल्यासारखं वाटलं, ना त्या प्राध्यापकांना काही विशेष ऐकल्यासारखं.

तार गांधीबागेच्या पत्त्यावर गेली. दोघींना प्रवेश, एवढंच तीत होतं. पुढे दिवाळीत घरी गेले तेव्हा मायने सांगितलं, की ती तार घेऊन काकू स्वतः सायकलरिक्षाने आमच्या वस्तीत आल्या होत्या. पत्ता विचारत विचारत आल्या, खाटेवर बसल्या, आणि मायच्या हातचा चहा घेतला. त्या गेल्यावर मायने तार बाबांपुढे धरली. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. ते म्हणाले, तोंडानं सांग, मी पाहतो.

काकाजी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत गेले. आम्ही पहिल्या तासाला जाऊन बसलो, अगदी पुढच्या बाकावर. ज्यावरून भांडण झालं होतं तो बाक दोघींच्याही लक्षात राहिला नाही. प्राध्यापक आले, हजेरी नाही, ओळख नाही, पाठ फिरवून फळ्याच्या वरच्या टोकापासून लिहायला लागले. सुरुवातीच्या ओळी माझ्या ओळखीच्या होत्या. मग त्या आमच्या फरशीच्या पलीकडे गेल्या, पत्रकाच्याही पलीकडे गेल्या, आणि खडू काही थांबेना. शेवटी त्यांनी वळून एक प्रश्न विचारला. वर्गात कोणालाच उत्तर आलं नाही. त्यांनी दुसरा विचारला, तो आणखी अवघड.

विजया माझ्याकडे झुकली. "समजलं का वं तुले?"

मी मान हलवली. नाही.

"मलेही नाही," ती म्हणाली.

तिचा चेहरा आनंदाने नुसता फुलून आला होता. माझाही तसाच असणार. आम्ही दोघींनी वह्या पुढे ओढल्या आणि तो दुसरा प्रश्न लिहून घेतला.